बरणीतला कापूस

चूक माझी होती. ती कळल्यावर मी गप्प बसलो, ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. पहिली अजाणता झाली. दुसरी मी रोज सकाळी उठून नव्याने करत होतो.

आई न्हाणीघरात घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली, त्या वर्षी आम्ही कपडे वाळवायचा ड्रायर घेतला. आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. पावसाळ्यात चादर तीन-तीन दिवस दोरीवर ओलीच राहते, आणि आईच्या तर दिवसाला तीन-चार चादरी निघत. त्या धुणं, बदलणं, आईला कुशीवर वळवणं, सगळं बायको करत होती. मी मागच्या खोलीत ड्रायर बसवून घेतला, भिंतीला भोक पाडून त्याच्या गरम हवेची नळी परसात काढली, आणि माझं काम झालं असं मानलं.

आमच्याकडे पाऊस लागायच्या आधी घरातला पुरुष घराभोवती एक फेरी मारतो आणि बाहेरची सगळी भोकं बांधून टाकतो. भरतीचं पाणी शेतात चढलं की जनावर कोरडी जागा शोधत घरात शिरतं. साप म्हणत नाहीत, जनावरच म्हणतात. वडील मिठागरावर होते, ते पोत्याचे तुकडे बांधायचे. मी जुन्या मच्छरदाणीचे बांधतो, ट्रकवर ताडपत्री आवळायच्या पिवळ्या दोरीने. त्या वर्षी मोरीचं तोंड बांधलं, गच्चीच्या पाइपाचं बांधलं, पुढे एक नवं तोंड दिसलं तेही बांधलं. हात चालत होते, डोकं नव्हतं. आत येऊन हात धुतले आणि विसरलो.

पंधरा दिवसांत ड्रायर बिघडला. तासाभराने चादर बाहेर काढावी तर गरम, पण ओली. तिला पांढरी लव चिकटलेली. मशीनच्या पत्र्याला हात लावू नये इतका तो तापायचा आणि खोलीत करपल्याचा वास यायचा. मी माहितीपुस्तिका उघडली. पहिलीच सूचना होती: कपड्यांची लव अडवणारी आतली जाळी साफ आहे का पाहा. पुढच्या सूचना मी वाचल्या नाहीत. गुन्हेगार सापडला होता.

"जाळी साफ करतेस का?"

"रोज करते."

"रोज म्हणजे प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. जुन्या टूथब्रशने. विचारा आईंना."

आई खाटेवरून म्हणाली, "मना काय दिसतंय हितनं? मी पडलेली."

"मग चादरी ओल्या कशा निघतात?" मी विचारलं.

"ते मशीनला विचारा. तुम्हीच आणलंय."

मी कंटेनर यार्डात तपासनीस आहे. आलेल्या पेटीला पोचा कुठे आहे, भोक कुठे आहे, ते कोणाच्या ताब्यात असताना पडलं, हे लिहून त्या माणसाची सही घ्यायची, हे माझं काम. पेटीला चारी बाजूंनी फेरी मारल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, हा पहिला नियम. नव्या पोरांना मी तोच शिकवतो. स्वतःच्या घराच्या मागे मात्र मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चहाशेजारी लोणच्याची रिकामी बरणी आणून ठेवली. तळाशी करड्या रंगाचा कापूस, जाळीवरून काढलेला.

"हा आजचा. लिहा रिपोर्टात."

मग रोज. बरणी अर्धी भरली तेव्हा मी म्हणालो, "एवढा निघतो याचा अर्थच आधी कधी काढला नव्हतास."

"म्हणजे काढला तरी मीच, नाही काढला तरी मीच."

"दिवसभर घरात असतेस, आणि एक काम..."

"एक काम?" ती म्हणाली. "या, एक दिवस बसा तुम्ही घरी. आईंना वळवा आणि मला सांगा किती कामं आहेत ते."

आम्ही जेवतानाही बोलेनासे झालो. भांडी बोलायची.

ओलसर चादरींनी आईच्या पाठीवर लाल चट्टे उठले. एका ठिकाणी कातडी सोलवटली. रविवारी माणगावहून बहीण आली. तिने आईला कुशीवर केलं, पाठ पाहिली आणि तिथूनच आवाज चढवला.

"वहिनी, इकडे ये. बघ हे. तुझ्या स्वतःच्या आईला अशी ठेवली असतीस?"

"ताई, चादरी वाळतच नाहीत. मी इस्त्री फिरवून घालते, तरी..."

"एक जाळी पुसायची तर असते ना? दादा सांगतो मला फोनवर सगळं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून पाहिलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. म्हणालो, "मी सांगून थकलो."

मंगळवारी मोरी तुंबली म्हणून छत्री घेऊन घरामागे गेलो. ड्रायरच्या नळीचं तोंड उशीसारखं फुगलं होतं. मच्छरदाणीच्या आत लव साचून, भिजून, तिचं घोंगडं झालं होतं. हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. आतली जाळी दिवसातून दहा वेळा पुसली असती तरी चादर वाळली नसती. भोवती पिवळी दोरी होती आणि दोरीला ताडपत्रीची गाठ होती. ती गाठ आमच्या घरात फक्त मला येते.

मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. कोयत्याने दोरी कापली, ते बोचकं ओढून काढून कुंपणापलीकडच्या पाण्यात फेकलं. आत आलो, जाळीवर ब्रश फिरवला, ओली चादर मशीनमध्ये घातली. पाऊण तासाने कोरडी ठणठणीत निघाली. ती आईच्या खोलीत नेली आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नीट साफ केली की चालतं मशीन."

"मी म्हनतच व्हते," आई म्हणाली.

त्या दिवसापासून बायकोने ड्रायरला हात लावला नाही.

"मशीन तुमचं. तुमच्या हाताला चालतं. तुम्ही लावा."

सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मी लावायचो. दुपारच्या चादरी ती स्वयंपाकघरात गॅसवरच्या दोरीवर टाकायची आणि एकेक इस्त्री करायची. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग उठला. तो मला रोज दिसत होता. मी स्वतःला सांगायचो, आता चाललंय ना सगळं, आईची पाठ सुधारतेय, जुनं कशाला उकरायचं. बरणी मागच्या खोलीतल्या फडताळावर तशीच होती. तिने ती फेकली नव्हती आणि मलाही हात लावायचा धीर होत नव्हता.

पुढच्या रविवारी बहीण पुन्हा आली. आईची पाठ पाहून खूश झाली. मागच्या खोलीत येऊन म्हणाली, "बघ वहिनी, दादाने लक्ष घातलं तर चार दिवसांत फरक."

बायकोने ड्रायरमधली जाळी ओढून काढली, टूथब्रश आणला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"शिकवा मला. ताईंसमोर शिकवा. मी कुठे चुकत होते ते बघायचंय मला."

मला वाटलं टोमणा आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. आपण काहीतरी चुकीचं केलं आणि त्यात सासूची पाठ सोलवटली, हे तिने स्वतःच मान्य करायला घेतलं होतं.

मी ब्रश वरून खाली फिरवला. कापूस गोळा केला. जाळी उजेडात धरून पाहिली.

"हेच मी करत होते," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

मी घरामागे गेलो. कापलेल्या दोरीचा गाठीकडचा तुकडा नळीखाली चिखलात पडला होता. तो आणून फडताळावर बरणीशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. बांधलं कधी, सापडलं कधी, फेकलं कुठे.

बहीण गडबडली. "जाऊ दे रे दादा. जनावर येऊ नये म्हणूनच बांधलंस ना? आईच्याच काळजीने."

वाट आयती मिळाली होती. मी त्या वाटेने गेलो नाही, एवढंच त्या दिवसात माझ्या बाजूने लिहिण्यासारखं आहे. मी बायकोला म्हणालो, "माझं चुकलं."

ती रडली नाही. जाळी माझ्या हातून घेऊन तिने जागेवर सरकवली.

"इथे नको," ती म्हणाली. "त्या दिवशी आईंच्या खाटेपाशी बोललात, सगळ्यांसमोर. तिथे चला."

आम्ही तिघं आईच्या खोलीत गेलो. मी पुन्हा तिथेच, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. बायको समोर दारात. आईला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं.

"आई, ऐक. हिने जाळी रोज साफ केली होती. बाहेरून नळी मी बांधली होती, म्हणून चादरी ओल्या राहिल्या. तुझी पाठ माझ्यामुळे सोलवटली. मला मंगळवारी कळलं आणि मी लपवलं, हिला खोटी पडू दिली." मग मी दाराकडे वळलो. "तू खरं बोलत होतीस. मी सांगून थकलो नव्हतो, तू सांगून थकली होतीस. मला माफ कर."