झऱ्यावरचं रान

लास पोसितासमध्ये कॉफीची तोडणी सुरू झाली की ओढ्याला घाण यायची. घराघरांत फळं भरडायचं यंत्र. लाल फळं भरडायची, बिया आंबवून धुवायच्या आणि ते चिकट, आंबूस पाणी सरळ ओढ्यात सोडायचं. होन्डुरासच्या त्या डोंगरात आज्या-पणज्यांपासून हेच चालत आलेलं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मासे उताणे पडायचे, पोरांच्या पायांना खाज सुटायची, बायका धुणं घेऊन दुसऱ्या ओहोळावर जायच्या, इतकंच.

निकानोराची गाभण गाय ते पाणी प्यायली आणि पोट फुगून मेली, तेव्हा निकानोराचे डोळे उघडले. नवरा आधीच वारलेला, मुलगी सान पेद्रो शहरात कपड्यांच्या कारखान्यात. एकट्या बाईने मळ्याच्या खालच्या अंगाला खड्डा खणला, त्यात चुना टाकला आणि धुतलेल्या कॉफीचं पाणी तिकडे वळवलं. मग ती दारोदार फिरली. गावात तिला मानाने 'दोन्या निका', म्हणजे निकाबाई, म्हणत.

"दोन्या निका, आमच्याकडे माणसांना संडासाचा खड्डा नाही, अन् कॉफीला खणू होय?" एकाने खवचटपणे विचारलं.

"मग दोन खण. फावडं मी आणते," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी खरंच फावडं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

लोक हसले, पण हळूहळू खणूही लागले. काही वर्षांत ऐन तोडणीतही ओढ्याचा तळ दिसायला लागला. दगडाखाली खेकडे सापडू लागले. निकानोराला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की आपण काहीतरी केलं.

मग कॉफीच्या पानांवर तांबेरा आला. निकानोराच्या मळ्यात सावलीची झाडं होती, खत पोटभर होतं, तिचा मळा कसाबसा तगला. तिच्या धाकट्या भावाचा, एवेलियोचा, पार बोडका झाला. वडिलांच्या वाटणीत त्याच्याकडे झऱ्याभोवतीचं रानही आलं होतं. त्याने कुऱ्हाडीला धार लावली.

"वर थंडी असते, ताई. तिथं रोग कमी चढतो. रान काढतो नि नवी रोपं लावतो."

"अरे, सगळं गाव त्या झऱ्याचं पाणी पितं!"

"पितं ना. पण गाव माझी चूल पेटवतं का?"

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने त्याला चर्चच्या पायरीवरच गाठलं. "माझा मळा घे. रान मला दे."

एवेलियो हसला. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "वेड लागलंय तुला. खाशील काय? पालापाचोळा?"

"ते मी बघीन."

सरपंचासमोर अदलाबदल झाली. पिकता मळा भावाला गेला आणि बहिणीच्या वाट्याला काही न पिकवणारं रान आलं. ती लोकांच्या मळ्यात मजुरीला जाऊ लागली. संध्याकाळी रानात चक्कर मारून गावाला पाणी देणारी झऱ्याची टाकी साफ करी. थकलेली असे, पण खूश असे.

रानाच्या वरचा उतार मात्र तिचा नव्हता. तो लिसांद्रो नावाच्या एका गुरंवाल्याने विकत घेतला, झाडं पाडली, गवत लावलं आणि तण मारायचं औषध फवारलं. निकानोरा त्याच्याकडे गेली. त्याने तिला सावलीत बसवलं, कॉफी दिली.

"तुमच्या हद्दीतली एक काडी जरी माझ्या माणसांनी तोडली, तर मला सांगा. मी त्यांचे कान धरीन. पण माझ्या हद्दीत मी काय लावावं, हे माझं मला ठरवू द्या, दोन्या."

"फवारलेलं सगळं पावसाबरोबर खाली येतं, साहेब."

"पाऊस देवाचा, बाई. त्याला मी काय सांगू?"

त्या पावसाळ्यात टाकीतलं पाणी गढूळलं, त्याला औषधाचा वास मारू लागला. टाकीभोवती बेडूक मरून पडले. पोरांच्या अंगावर चट्टे उठले. तालुक्याहून माणसं येऊन बाटल्या भरून घेऊन गेली. बऱ्याच महिन्यांनी निरोप आला, पाणी उकळून प्या. उकळलं तरी वास जाईना. ज्यांना परवडत होतं ते गाडीवरचं पाणी विकत घेऊ लागले. बाकीचे तेच पीत राहिले.

मळ्यांतले कॉफीच्या पाण्याचे खड्डेही गाळाने भरले. निकानोरा पुन्हा फावडं घेऊन निघाली, पण आता कुणी हसलंसुद्धा नाही.

"वरूनच विष येतंय, दोन्या निका. आम्ही कुणासाठी उपसायचे?"

एवेलियोने तर तिने खणलेला खड्डा बुजवून त्यावर रोपं लावली होती. तिने ते पाहिलं आणि फावडं खांद्यावर टाकून घरी निघाली.

सान पेद्रोचा कारखाना बंद पडला. मुलगी दोन लेकरं घेऊन परत आली. एका मजुरीत चार तोंडं भरेनात. रान घ्यायला लिसांद्रो तयारच होता.

"देऊन टाक, ताई," एवेलियो म्हणाला. "त्या झऱ्याला आता कोण तोंड लावतंय?"

तिने देऊन टाकलं.

रानात करवती सुरू झाल्या त्या दिवशी ती एवेलियोच्या मळ्यात, म्हणजे एकेकाळच्या आपल्याच मळ्यात, स्वतः लावलेल्या झाडांची फळं तोडत होती. सकाळपासून वरून आवाज येत होता. मधेच एखादं झाड कोसळलं की जमीन हलल्यासारखी वाटे. एवेलियोने फांदीला टांगलेल्या रेडिओचा आवाज मोठा केला.

"कमी कर," ती म्हणाली.

"अगं, कशाला ऐकतेस?"

"कमी कर म्हटलं ना."

त्याने रेडिओ बंदच केला. क्षणभर तो तिथेच घुटमळला, मग टोपली कमरेला बांधून तिच्या शेजारच्या ओळीत तोडायला लागला. दिवस मावळेपर्यंत दोघं तोडत राहिली.