एस्तोय लिब्रे, म्हणजे मला वेळ आहे

घटस्फोटानंतर मी अमरावतीहून अकोल्याला बाबांकडे परत आले, तेव्हा नात्यातल्या बायका म्हणाल्या, "बरं झालं, मोकळी झाली एकदाची." त्याच उन्हाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. पुण्याचा भाऊ येऊन गेला. निघताना म्हणाला, "तू त रिकामीच हायेस. बाबाले तूच पाह्य."

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कापड कंपनीला परदेशी गिऱ्हाइकांशी स्पॅनिशमध्ये बोलायला माणूस हवं होतं. म्हणून बाबा झोपले की मी मोबाईलवर स्पॅनिश शिकायचे. एकदा 'मला वेळ आहे' म्हणायला गेले आणि 'सोय लिब्रे' म्हणाले. शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं. "त्याचा अर्थ, मी स्वतंत्र माणूस आहे. नुसता वेळ असेल तर एस्तोय लिब्रे. कामावर यायला तयार असाल, तर एस्तोय दिस्पोनिब्ले." बाबांची चादर बदलताना मी ही वाक्यं पुटपुटायचे. त्यांना वाटायचं, मी स्तोत्र म्हणतेय.

पुढच्या वर्षी फोनवर मुलाखत झाली. शेवटी त्यांनी स्पॅनिशमध्येच विचारलं, कधीपासून येऊ शकाल? मी थोडी मुदत मागितली आणि भावाला फोन लावला.

"थोडे दिवस बाबाले तुह्याकडे ने. अमरावतीत खोली भेटली का मंग मी त्यायले तिकडंच नेईन."

"आमी दोघंबी कामावर जातो. कसं जमन?"

"बाई लाव."

"तू असताना बाई कायले?"

बाबांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी वरण-भात भरवताना ते जड जिभेने म्हणाले, "तू जाय. मी राह्यतो एकटा." त्यांना स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नव्हती.

मी कंपनीला कळवलं, नो एस्तोय दिस्पोनिब्ले. वाक्यात एकही चूक नव्हती.

दिवाळीनंतर बाबा गेले. तेरवी झाल्यावर मी कंपनीत फोन केला. जागा केव्हाच भरली होती. पलीकडची मुलगी चांगलं बोलली, पुढे काही निघालं तर कळवते म्हणाली. तिचा फोन आला नाही.

आला तो भावाचा. वहिनीचे दिवस भरत आले होते. "लेकरू सांभाळाले घरचं माणूस पाह्यजे," तो म्हणाला. "हे घर बंद करून इकडंच ये."

मी बरं म्हटलं. बाबांचे कपडे शेजारी देऊन टाकले आणि माझे बॅगेत भरले.