भिंतीजवळचं स्टूल

वर्ध्यातल्या आमच्या ले-आउटमधल्या घरांमागं छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची वस्ती आहे. टीव्हीवर परदेशातल्या सीमाभिंतीची चर्चा रंगली, त्याच आठवड्यात आमचीही सभा झाली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "बाहेरचे लोक कागदाबिगर घुसून राह्यले. भिंत पाह्यजेच." मीही हात वर केला. भिंत त्याच मजुरांनी बांधली आणि कुठंही फट ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतली आमची भांडेवाली बाई तासभर उशिरा आली. तिला आता मोठा वळसा पडत होता. मी मुकाट्यानं आमच्या बाजूनं भिंतीला स्टूल लावलं. पलीकडं उरलेल्या विटा होत्याच.

ते पाहून मास्तर आमच्या फाटकाशी आले. मी भांडणाच्या तयारीत होतो.

"भाऊ, स्टूल थोडं लवकर ठेवत जा ना," ते म्हणाले. "आमची बाई सहालेच येते."