हातात न येणारी भट्टी

माझ्या मुलीच्या गेममध्ये मी बांधलेल्या पहिल्या घराला दार नव्हतं. चार भिंती, वर छप्पर आणि मी आत. लेकीने येऊन कुदळीने भिंत फोडली आणि मला बाहेर काढलं. "आई, तू फक्त चाल. काही बांधू नकोस," असं तिने बजावलं, ते मी पाळलं. म्हणून लालबागच्या आमच्या दीड खोलीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, माझ्या वडिलांची गिरणी उभी राहिली तेव्हा तिच्यात माझी एकही वीट नव्हती. तरी पुढे जे झालं त्याला कारण मीच झाले.

गेम साधा होता. ठोकळ्यांचं एक जग. डोंगर फोडायचा, झाड तोडायचं, त्याचे ठोकळे आपल्या पिशवीत येतात, त्यांतून हवं ते बांधायचं. जिंकणं-हरणं काही नाही. लेक तेव्हा तेरा वर्षांची आणि बाबा अठ्ठ्याहत्तरचे. ती शाळेतून आली की बाबा तिच्या मागे स्टूल टाकून बसायचे आणि रस्त्यावर पाइपलाइन खणताना लोक उभे राहून बघतात तसे तासन्‌तास बघायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "गो, हे दगड किती आसत तुझ्याकडे?"

"कितीपण, आजोबा. संपतच नाहीत."

"मगे गिरणी बांध."

बाबा गिरणीत साचे चालवायचे. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका माणसाकडे दोन. संप झाला तेव्हा मी चौथीत होते. तो संपला असं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही, जुन्या चादरीसारखा विरत गेला. बाबांना पुन्हा आत घेतलं नाही. परळच्या एका दुकानाचा माल त्यांनी घरोघरी पोचवला, मग पंधरा वर्षं एका सोसायटीच्या गेटवर बसले. गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. बाजाराला जाताना बाबा तो रस्ता टाळून लांबचा वळसा घेतात आणि आम्ही गुडघ्यांचा व्यायाम म्हणून तो चालवून घेतो. गिरणीचं नाव ते घरात काढत नसत. त्यामुळे "गिरणी बांध" हे ऐकून मी स्वयंपाकघरातून, म्हणजे दोन पावलांवरून, धावत बाहेर आले.

बांधायला दीड महिना लागला. छप्पर दातेरी, काचा उत्तरेकडे. साच्यांच्या रांगा लागल्या तेव्हा बाबा म्हणाले, "गाळो मोठो झालो. दोन साच्यांमधून माणूस आडवो जाता, सरळ नाय." लेकीने सगळ्या रांगा मोडल्या आणि पुन्हा लावल्या. माझ्यासाठी ती डब्याचं झाकणसुद्धा दोनदा लावत नाही. शेवटी चिमणी झाली. पडद्यावर मावेना इतकी उंच. बाबांनी मान वर करून ती पाहिली आणि म्हणाले, "थंड आसा."

आता गेममध्ये भट्टी असते. पण तिच्यात कोळसा आहे तोवरच ती जळते. कायम जळणारी भट्टी गेमच्या पोटात कुठेतरी असते म्हणे, पण कुणाच्या हातात येत नाही. पेटलेली भट्टी उचलायला जावं तर पिशवीत येते ती विझलेली. लेकीला मात्र इंटरनेटवरच्या पोरांकडून एक ग्लिच कळला होता.

"म्हणजे काय गो?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे गेम बनवताना राहिलेली फट. त्या फटीतून जे मिळायला नको ते मिळतं."

"मालकांका म्हायत आसा?"

"कळलंय आता. पुढच्या अपडेटमध्ये बुजवणार आहेत. म्हणून तर घाई!"

बाबांचा चेहरा बदलला. "नको माका. फटीतून आणलेलां माझ्या गिरणीत नको."

"अहो आजोबा, चोरी नाहीये ही. कुणाचं काही जात नाही!"

"नको म्हटलां ना!" असं म्हणून ते बाहेर गॅलरीत जाऊन बसले. लेकीने कॉम्प्युटर बंद केला. दोन दिवस दोघांत अबोला. आमच्या घरात दोघं रुसले की मी मध्ये पडते आणि मग तिघं रुसतात, हा माझा लौकिक आहे. त्याला जागून मी लेकीला म्हटलं, "आणू आपण ती भट्टी. पेटलेली बघितली की विरघळतील."

तिला दुसरा माणूस हवाच होता. ती पेटलेल्या भट्टीवर कुदळ मारणार आणि शेवटचा घाव बसेल त्याच क्षणी मी माझ्या फोनवरून तिच्या जगातून बाहेर पडायचं. मग गेम गोंधळतो आणि भट्टी विझवायला विसरतो. रविवारी बाबा दाढीला गेले आणि आम्ही सुरू केलं. मी कधी आधी बाहेर पडले, कधी नंतर. एकदा बाहेर पडायच्या ऐवजी सरळ आगीत चालत गेले. "आई, तुला ऑफिसात ठेवतात कसं?" लेक म्हणाली. बाविसाव्या की तेविसाव्या खेपेला तिने किंकाळी फोडली. तिच्या पिशवीत, विझलेल्या भट्ट्यांच्या ढिगाशेजारी, एक लालभडक चौकोन होता. तो तिने चिमणीच्या तळाशी बसवला. वर धूर निघाला.

बाबा आले. गालाला तुरटी लावलेली. त्यांनी धूर पाहिला.

"ही खंयसून आली?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फटीतूनच, बाबा. मीच सांगितलं तिला."

मला वाटलं, ओरडतील. ते स्टुलावर बसले. मग बोट पडद्यावर टेकवून लेकीला म्हणाले, "हंय, मागच्या भिंतीक, नाल्याच्या बाजूक, एक भोक पाड. माणूस वाकून जाईत इतक्यां."

तिने एक ठोकळा काढला.

"संपात मी हंयसून आत गेल्लंय," बाबा म्हणाले.

हे मला माहीत होतं. आमच्या अख्ख्या चाळीला माहीत होतं. त्या वर्षी गणपतीत चाळीतल्या सगळ्या कामगारांनी मूर्तीसमोर शपथ घेतली होती की मागण्या मान्य होईपर्यंत गिरणीच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. शपथ वाचली होती बाबांनी. नंतर दसरा आला. आदल्या दिवशी कुणीतरी बाबांना भिंतीच्या त्या भोकातून बाहेर पडताना पाहिलं होतं. मालक गुपचूप माणसं आत घेतायत अशी कुजबुज तेव्हा रोज चाले. दसऱ्याच्या संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन घरोघर गेले. "सोनं घ्या," म्हटलं की लोक पान घ्यायचे. द्यायचं मात्र कुणी नाही. मी रिकाम्या हाताने परत आले आणि आईने मला एका शब्दानेही काही विचारलं नाही. शेजारच्या खोलीतले काका, ज्यांचे साचे बाबांच्या साच्यांना पाठ लावून होते, त्यांनी त्या दिवसापासून बाबांशी बोलणं टाकलं. दोन्ही दारांत हातभराचं अंतर. ते चार वर्षांपूर्वी गावी गेले आणि तिकडेच वारले. तोपर्यंत बोलले नाहीत.

"कशाला गेलेलात, आजोबा?" लेकीने विचारलं. मला हा प्रश्न तीस-पस्तीस वर्षांत विचारता आला नव्हता.

"साच्यांची पूजा करूक."

खंडेनवमीला प्रत्येक जण आपापले साचे पुसायचा, हळद-कुंकू लावायचा, झेंडूची माळ घालायचा. दसऱ्याला बायकापोरांना आत सोडायचे. नव्या फ्रॉकमध्ये मीही जाऊन आले होते. त्या वर्षी फाटकाला कुलूप होतं. बाबा भर दुपारी, नाल्याकडे कुणी नसतं तेव्हा, सदऱ्याच्या आत माळा दडवून भोकातून शिरले. साच्यांच्या खात्यात अंधार. जानेवारीत साचे थांबले तेव्हाचं अर्धवट कापड अजून वर तसंच होतं, त्यावर धूळ आणि कोळ्यांची जाळी. त्यांनी आपले दोन साचे पुसले आणि पूजले. मग शेजारच्या काकांचे दोन.

"त्येच्या साच्यांका कोण करतलो?" बाबा म्हणाले. "तो शपथ मोडूचो नाय. तो पक्को."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" मी म्हटलं. "एका वाक्याचं काम होतं, बाबा!"

"काय सांगू? पूजेक गेलंय की कामाक, पाय आतच पडलो मां? नारळ माझ्याच हातात होतो शपथेच्या येळी."

गॅलरीत कुणीतरी बादली आपटली. खाली भाजीवाला ओरडत होता. लेकीने हळूच विचारलं, "आजोबा, भट्टी ठेवू की काढू?"

"रवांदे. आत इलीच आसा तर जळांदे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुरटीचा पांढरा डाग गालावर सुकला होता. "तुकापण तसांच वाटलेलां मां? मी कामाक गेलंय म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. घरात मी गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत आहे, कोणत्या लग्नात कोण कशावरून रुसलं ते न बघता सांगते. या वेळी नाही रंगवलं.

"हो," मी म्हटलं.

"मगे इचारलंस कित्याक नाय?"

"तुम्ही होय म्हणाल, अशी भीती वाटायची."

बाबांनी मान हलवली. लेक आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. कोण कुणावर रागावलंय हेच तिला उमगत नव्हतं.

"होयच म्हटलां असतां मी, आत गेल्लंय म्हणून," बाबा म्हणाले. "पण तू इचारलंस असतां, तर पुढचांपण सांगितलां असतां."