चौथी खिडकी

ऑक्टोबर लागला की ल्यावोनचे हात शिवशिवायला लागत. बेलारूसच्या त्या जंगलकाठच्या गावात लाकूड तोडण्यात त्याची तीस वर्षं गेली, पण त्याचं नाव होतं ते फटी बुजवण्यासाठी. भिंतीच्या ओंडक्यांत शेवाळ ठासायचं, खिडकीला आतून दुसरं तावदान बसवायचं, मध्ये कापूस भरायचा आणि कडेने खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. त्या मग बर्फ वितळल्यावरच निघत. "ल्यावोनच्या घरातून शिंकसुद्धा बाहेर पडत नाही," असं लोक म्हणत. त्याला ते आवडे.

हा नाद लागला तो बायकोपायी, तेक्ल्यापायी. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नव्या घराचं ओलं लाकूड वाळून फटी पडल्या, आणि तिच्या छातीत जो गारठा शिरला तो पुरता कधी निघालाच नाही. ल्यावोन हे बोलून दाखवत नसे. दरवर्षी फटी बुजवी.

यंदा ती अंथरुणाला खिळली होती, म्हणून खळ त्यालाच शिजवावी लागली.

"गुठळ्या झाल्या ना?" तिने पडल्यापडल्या विचारलं.

"नाही झाल्या."

"वासावरून कळतंय मला. खाली करपलीय, वर कच्ची. नशीब, खिडक्यांनाच खायला घालायचीय."

दुपारपर्यंत तीन खिडक्या झाल्या. चौथी तिच्या उशाशी होती. त्याने पट्टी उचलली तशी ती म्हणाली, "ही राहू दे."

"राहू दे काय? वारा इथूनच तर येतो."

"येऊ दे. उद्या मी गेले तर तू कागद खरवडत बसशील. तुझं काम किती पक्कं असतं, ठाऊक आहे मला. तोवर मी काय भिंतीवर डोकं आपटू?"

जीव गेला की त्याला वाट द्यायला खिडकी उघडायची, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

"तू कुठे जात नाहीस," ल्यावोन म्हणाला.

"बरं. पण राहू दे."

शेजारची स्तेफा दूध घेऊन आली होती, ती दारातच थबकली. "काका, ऐका ना तिचं."

"तू गप गं! तुझ्या घरात फटीतून मांजर ये-जा करतं."

पट्टीवरची खळ वाळत चालली. लावली तर तिचा शब्द मोडत होता. न लावावी तर हाच वारा तिला आधी नेणार. शिवाय न लावणं म्हणजे ती जाणार हे आपल्या हाताने कबूल करणं.

त्याने पट्टी खाली टाकली. पलंग ओढत चुलीपाशी नेला. फटीत आपला मेंढीच्या कातड्याचा कोट ठासला आणि स्टूल घेऊन खिडकीला पाठ लावून बसला.

"आता तू गारठशील."

"माझी पाठ रुंद आहे."

मग तो तिथेच बसायचा. बटाटे तिथेच सोलायचा, पेंगायचाही तिथेच. पाठ आखडली, तरी जागा सोडली नाही.

जानेवारीत एका सकाळी, चूल नुकती पेटली असताना तेक्ल्या गेली. ल्यावोनने कोट ओढून काढला, खिडकी उघडली. स्तेफा धावत आली तेव्हा खोलीत श्वासाची वाफ दिसत होती आणि तो तसाच उभा होता.

"काका, लावून घ्या आता. आजारी पडाल."

"थांब जरा," तो म्हणाला. "ती सावकाश चालते."