सुभेदारीणबाईंची पायतपासणी

माझ्या नवऱ्याचे तळपाय माझ्याआधी दुसऱ्या एका बाईनं निरखून पाहिले, असं मी म्हटलं की ऐकणारे कान टवकारतात. टवकारू देत. निलंग्यात आमच्या पिढीच्या सगळ्याच फौजी बायकांची ही गत होती. त्या बाईला गावभर सुभेदारीणबाई म्हणत. उंच, काळीसावळी, नऊवारीचा पदर कमरेला करकचून खोचलेला, आणि आवाज असा की एसटी स्टँडावरचा कंट्रोलरही मान वर करून बघायचा.

स्टँडामागे तिचं पत्र्याचं घर होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी तालुक्यातले पेन्शनर फौजी तिच्या अंगणात जमत. कुणाला साखर, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाचं पोट बिघडलेलं ते बिघडलेलंच. शेवग्याचा वाळवलेला पाला, भाजलेलं जवस, मेथीदाणे आणि आवळकाठी कुटून ती पूड करायची. पण चिमूटभरही कुणाला घरी नेऊ द्यायची नाही. "घरी नेता आन् फळीवर ठेवून मुंग्यांना चारता," म्हणायची. लाइन लावून, हुद्द्याप्रमाणे, तिच्यासमोर चमचाभर पूड खायची. मग सरकारी दवाखान्यातली गोळी, तीही तिच्यासमोरच. वर बजावायची, "पाला हाय हा, हवालदार. भाकरीसंगं खायचा. औषध त्या गोळीत हाय. गोळी सोडली तर माझ्या दारात यायचं न्हाई."

आमचे हे हवालदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेत नवऱ्याचा हुद्दा बायकोलाही चिकटतो, त्यामुळे मी हवालदारीण आणि ती सुभेदारीण, म्हणजे माझ्यापेक्षा वरचढ. मी "अहो, चहात साखर नको" म्हटलं की हे मुद्दाम चमचा वाढवायचे. तिनं मात्र नुसतं "हवालदार" म्हटलं की टाचा जुळायच्या. एवढं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नव्हे, जेवण न जाणारा हेवा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. पेन्शनच्या कागदांसाठी उस्मानाबादच्या खेपा चुकल्या म्हणून सगळे खुशीत होते, आणि त्यातच पावसानं तोंड फिरवलं. सुभेदारीणबाईंचा शेवगा वाळला. आमच्या परसातला मी खरकट्या पाण्यावर जगवला होता. एका सकाळी बघते तर यांनी अर्ध्या फांद्या उतरवलेल्या, आणि भारा खांद्यावर टाकून निघालेले.

"कुठं निघालात?"

"सुभेदारीणबाईंकडं पाला खतम झालाय."

"आन् मला इचारलं का?"

"तुला काय इचारायचंय? झाड घरचंच हाय की."

घरचं झाड, घरची बायको, दोघांनाही विचारायची गरज नव्हती. मग मीही इरेला पेटले. त्याच झाडाचा पाला वाळवला, तेच जवस, तीच मेथी, तोच आवळा. वस्त्रगाळ पूड करून यांच्यासमोर ठेवली. यांनी जिभेला लावली आणि म्हणाले, "यात कायतरी कमी हाय." काय कमी आहे, तर म्हणे ते सुभेदारीणबाईंनाच विचारावं लागेल. ती सगळी पूड मी शेळीला घातली. शेळीनं आवडीनं खाल्ली.

त्या उन्हाळ्यात या शूर गड्यांनी एक शोध लावला. टँकर येईल तेव्हा पाणी, आणि सरकारी गोळ्या म्हणे गरम, त्यांनी तहान लागते. खरं तर तहान साखरेची. पण पारावर बसून यांनी एकमतानं ठरवलं की पाणी वाचवायचं असेल तर गोळी बंद. पाला थंड आहे, तेवढा पुरे. सुभेदारीणबाईंसमोर गोळी जिभेखाली दाबायची आणि बाहेर येऊन लिंबाच्या बुडाशी थुंकायची. सीमेवर उमर काढलेली माणसं एका बाईला भिऊन असली पोरकट चोरी करत होती.

तिची आणखी एक तऱ्हा होती. लांबच्या चालीनंतर फौजेत जवानांचे पाय तपासतात, तसे ती अधूनमधून सगळ्यांचे तपासायची. एका बाजाराच्या दिवशी तिनं हुकूम सोडला, "बूट काढा. मोजे बी." हे घरातही मोजे घालून वावरायचे, फौजेची सवय म्हणून मी कधी बोलले नाही. मोजा निघाला तर तळव्यात बाभळीचा काटा मोडून जखम चिघळलेली, अंगठा काळा पडलेला. साखरेनं पाय बधिर, यांना पत्ताच नाही. तिनं एवढंच विचारलं, "गोळी?" हे मान खाली घालून उभे.

तिनं तसंच यांना लातूरच्या एसटीत घातलं आणि तिच्याच लाइनीत उभ्या राहणाऱ्या आमच्या शेजारच्या नाइकाच्या बायकोबरोबर मला निरोप धाडला. मी दवाखान्यात पोचले तर ती यांच्या उशाशी बसलेली. डॉक्टर म्हणाले, अंगठा जाईल, पाय वाचेल. आणखी थोडा उशीर झाला असता तर पायही गेला असता. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. व्हरांड्यात गाठून मी तिला म्हणाले, "एका छताखाली राहते मी. मला दिसलं न्हाई ते तुम्हाला कसं दिसलं? आन् माझं न ऐकणारा माणूस तुमचं कसा ऐकतो?"

ती रागावली नाही. भिंतीला टेकून म्हणाली, "आमच्या सुभेदारांना बी साखरच होती. हाच पाला, हीच गोळी घेऊन मी मागं मागं फिरले. ऐकलं न्हाई, त्यातच गेले. सगळी पलटण धाकात ठेवणारा माणूस, माझ्या घरात मी निस्ती बायको होते. तुमचा तुमचं ऐकत न्हाई, यात नवं काय हाय? दुसऱ्यांचे नवरे ऐकतात, म्हून मी दुसऱ्यांचे धरलेत."

मी डबा उघडून तिला भाकरी दिली. ती तिनं खाल्ली.

पुढं तिचे हात थकले तेव्हा तिनंच वाटणी करून दिली. नाईक माझ्याकडे पूड अन् गोळी खाईल, आमचे हे नाइकाच्या बायकोकडे. ती वाटणी अजून चालू आहे. नाईक माझ्यापुढं "जी" म्हणून तोंड उघडून गोळी दाखवतो, आणि त्याची बायको कुंपणाशी उभी राहून मला डोळ्यांनी जाळते. जाळू दे.

सुभेदारीणबाई गेल्या तेव्हा बुद्धविहारात पुण्यानुमोदनाला सगळा तालुका लोटला. चार शब्द बोलायला यांचं नाव पुकारलं. हे उठले आणि गर्दीतून वाट काढत, जरा लंगडत, पण दोन्ही पायांवर चालत पुढं गेले. बोलणं काही जमलं नाही. तिच्या फोटोला सलाम ठोकला आणि तसेच चालत परत आले. ते पाय मी बघत होते. माझा माणूस तिनं चालता ठेवला. तो मला चालता ठेवायचा होता. हेव्यानं पुन्हा छाती भरून आली, आणि शेजारच्या बायका समजल्या की मी बाईंसाठी रडते आहे. त्यांचंही खोटं नव्हतं.