ढब्बूला मोकळं सोडलं

"माझ्या घरात कुणी कोंडलेलं राहणार नाही," असं माझा मामा छाती पुढे काढून म्हणाला, ते एका गिनी पिगबद्दल. मी त्या दिवशी तिथेच होते. मावशी, म्हणजे मामाची मोठी बहीण, मधल्या खोलीत खिडकीपाशी कुणाच्या तरी पँटची चेन बदलत बसली होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे ती हसली ती नुसती डोळ्यांनी.

मावशीचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. का टिकलं नाही ते तिने कधी सांगितलं नाही, आणि तिने सांगितलं नाही म्हणून बाकीच्यांनी पदरचं घालून सांगितलं. ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक बॅग होती आणि एक पायाने चालवायचं शिलाई मशीन. बॅगेतलं सामान मामाच्या कपाटाच्या एका खणात मावलं. मशीनला मात्र जागा लागली, आणि मधल्या खोलीतली खिडकीखालची ती जागा म्हणजेच पुढे तिचं घर झालं. रात्री मशीनशेजारीच गादी घालून ती झोपायची.

नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे जुने कपडे अंगाला बसवून देई. पँटची लांबी कमी कर, स्कर्टची कंबर सैल कर, कोटाचं फाटलेलं अस्तर बदल, पडद्यांना दुमड घाल. "माणसं जाड होतात, बारीक होतात, कपडे बिचारे तेवढेच राहतात. तोवर मला मरण नाही," असं म्हणायची. आणि कुणी जास्तच सहानुभूती दाखवायला लागलं की म्हणायची, "खायला काळ आणि भुईला भार होऊन मला कुणाच्या दारात बसायचं नाही." तिची सगळी ऐट त्या मशीनवर होती. मशीन चालत होतं तोवर ती त्या घरात शिवणकाम करणारी बाई होती. मशीन नसतं तर ती नुसती मामाच्या घरी परत आलेली बहीण उरली असती, आणि हे तिच्याइतकंच मामीलाही ठाऊक होतं.

मामी वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती फक्त अधूनमधून, हवेशी बोलल्यासारखी, म्हणायची की या खिडकीखाली सोफा किती छान दिसला असता. किंवा पायाला चिकटलेला दोरा सोडवत उसासा टाकायची. मावशी लगेच झाडू घ्यायची.

त्यात हे जनावर आलं. माझ्या मामेबहिणीला सगळे बाईसाहेब म्हणत, कारण तिला पाण्याचा पेलाही हातात लागे. तिच्या मैत्रिणीचं कुटुंब दुसऱ्या गावाला गेलं आणि जाताना त्यांचा गिनी पिग हिच्या गळ्यात घालून गेलं. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," मामी पुटपुटली, पण बाईसाहेबांपुढे कुणाचं काय चालतंय. पांढरा-तपकिरी, मान नावाला नाही, उशीला पाय फुटावेत तसा. नाव ठेवलं ढब्बू. पहिले काही दिवस तो पिंजऱ्यात गज कुरतडत बसे. मग मामाने कुठेतरी ऐकलं की या प्राण्याला पिंजरा मानवत नाही, त्याला घरभर हिंडू द्यावं. लगेच त्याला तत्त्वाचा झटका आला आणि त्याने वर सांगितलं ते वाक्य म्हटलं.

तत्त्व मामाचं, काम मावशीचं. ढब्बू वायरी कुरतडायचा, म्हणून तिने जुन्या जीन्सचे पाय कापून घरातल्या प्रत्येक वायरीला बाह्या शिवल्या. फरशीवरून त्याचे पाय घसरायचे, म्हणून तिने चिंध्यांच्या पट्ट्या जोडून सतरंज्या केल्या. फ्रिजमागच्या फटीत तो शिरून बसला, तेव्हा पोटावर पडून पट्टीने त्याला बाहेर काढणारी तीच, आणि मग त्या फटीच्या मापाची उशी शिवून तिथे ठासून बसवणारीही तीच. घरभर पडणाऱ्या लेंड्या दोऱ्यांबरोबर झाडून काढायची. मामा आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्याकडे तो अगदी मोकळा असतो." हे सांगताना पाय मात्र खुर्चीवर घेऊन बसायचा.

सगळं घर आंदण मिळालेलं असताना ढब्बूने जागा निवडली ती मशीनखालची. तिथे सावली होती, आणि सतत दोन पाय होते. कधीकधी तो सरळ मशीनच्या पायडलवरच अंग पसरून झोपायचा. मग मावशीला पाय ठेवता येईना. ती मांडीवर कपडा घेऊन हातशिलाई करत बसायची आणि गिऱ्हाईक दारात आलं की हळूच म्हणायची, "साहेब झोपलेत. उठले की शिवते." लोक हसायचे, काही चिडायचेही. मी एकदा म्हटलं, "हाकल की त्याला." तर म्हणाली, "अगं, या घरात स्वतःहून माझ्यापाशी येऊन बसणारा हा पहिलाच. बसू दे."

धोका एकच होता, टाचण्यांचा. पण त्याबाबत मावशी फार काटेकोर. उठण्याआधी ती टाचण्यांच्या गादीवरच्या रांगा मोजायची, आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक खोलीभर फरशीवरून ओढायची. ढब्बूच्या कितीतरी आधीची तिची ही सवय. एखादी टाचणी कपड्यात राहिली तर ती गिऱ्हाइकाला टोचते, आणि टोचलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, एवढं साधं त्यामागचं कारण.

एका संध्याकाळी एक टाचणी कमी भरली. तिने चुंबक पलंगाखाली, दाराआड, सतरंजीखाली फिरवलं. टाचणी सापडेना. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मावशीने जेवायला बसल्यावर सगळ्यांना सांगितलं, "माझी एक टाचणी सापडत नाहीये. जरा पायाखाली बघून चाला." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कारण दुसऱ्याच दिवशी ढब्बूने खाणं सोडलं. काकडी पुढे ठेवली, तोंड फिरवलं. कोपऱ्यात अंग फुगवून बसला, हनुवटी लाळेने ओली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. मामा एकच शब्द बोलला, "टाचणी." बाईसाहेब रडायला लागल्या. रडता रडता मावशीला म्हणाल्या, "तुझ्यामुळे मरणार तो."

माझ्याकडे गाडी होती म्हणून मला बोलावणं आलं. मी जिना चढत होते तेव्हा वरून मशीन उतरत होतं. इमारतीचा रखवालदार आणि शेजारचा ड्रायव्हर, दोघांनी ते दोन बाजूंनी धरलं होतं आणि मामा मागून सांगत होता, भिंतीला लागू देऊ नका. भिंतीची काळजी. त्यामागे मावशी, हातात मशीनचा लाकडी खण, त्यात दोऱ्याची रिळं आणि बॉबिन. ती मला बघून बाजूला झाली आणि म्हणाली, "तू आधी त्याला डॉक्टरकडे ने. त्याला दुखत असेल." तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. जनावर आजारी, त्याला अजून डॉक्टर दिसलेला नाही, आणि मशीन जिन्याखाली जाऊन पोचलंसुद्धा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. पोटात टाचणी-बिचणी काही नव्हतं. मग त्यांनी ढब्बूचं तोंड उघडून बॅटरीने आत पाहिलं आणि विचारलं, "याला बिस्किटं कोण देतं?" बाईसाहेब खिडकीबाहेर बघायला लागल्या. या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून चावून झिजतात. याला गवताऐवजी मऊ बिस्किटं मिळत होती, त्यामुळे मागचे दात वाढून जिभेवर आले होते. डॉक्टरीणबाईंनी ते घासून दिले, औषध दिलं, रोज गवत घालायला बजावलं. परतताना मामा गाडीत डॉक्टरांच्या बिलाची घडी घालत बसला होता. मीच विचारलं, "मग मशीन वर आणायला सांगू का?"

"बघू," तो म्हणाला.

टाचणीही सापडली. एक बाई आठवड्याभराने आल्या, अस्तर बदललेल्या कोटाच्या बाहीत ती अडकली होती. हसत हसत परत देऊन गेल्या. मावशीने ती मामाला नेऊन दाखवली. "बरं झालं," मामा म्हणाला, आणि पुन्हा बातम्या बघायला लागला.

तोवर मधल्या खोलीत मामीला खूप मोकळं वाटायला लागलं होतं. "आता गेलंच आहे खाली तर राहू दे ना," ती म्हणाली. "ढब्बूलाही पळायला जागा झाली." त्याच महिन्यात खिडकीखाली सोफा आला. इतकी वर्षं जे तोंड उघडून मागायची लाज वाटत होती ते एका आजारी जनावराच्या आडून आपोआप मिळालं. सुंठीवाचून खोकला गेला. मी मामाशी भांडले. तो मला अगदी शांतपणे म्हणाला, "मी ताईला एका शब्दाने तरी बोललो का? शिवायचं असेल तर खाली शिवू दे. कुणी अडवलंय तिला?" खरंच कुणी अडवलं नव्हतं.

जिन्याखाली मावशी एक बल्ब लावून बसायला लागली. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप. पंप सुरू झाला की गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि उंच माणूस आला की त्याचं डोकं आपटायचं. इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली की ही जाण्यायेण्याची जागा आहे. मामा त्या बैठकीला होता. तो तिथेही एका शब्दाने बोलला नाही.

बाजारातल्या लाँड्रीवालीने तिला दुकानामागची खोली दिली. राहायला आणि मशीनला. मी आधी माझ्याकडे ये म्हणाले होते, पण मावशी म्हणाली, "एका घराच्या कोपऱ्यातून उठून दुसऱ्या घराच्या कोपऱ्यात कशाला?" लाँड्रीवाली तोंडाची फाटकी, दिवसभर तिला "ए म्हातारे" म्हणून हाका मारायची, आणि मावशी आतून तितक्याच जोरात "काय गं भवाने" म्हणायची. मावशीला इतक्या मोठ्याने बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. धुवायला आलेल्या कपड्यांतलं उसवलेलं सगळं तिच्याकडे जायचं. ती जाड झाली, चेहऱ्यावर रंग आला. स्वतःच्याच कपड्यांची शिवण सोडून ते सैल केले आणि मला दाखवले. ती तिथे होती तोवर मामा त्या खोलीत एकदाही आला नाही.

मग ती लाँड्रीतल्या साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता मात्र मामा धावत आला. दवाखान्यात रोज बसला, डॉक्टरांशी बोलला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई आता माझ्याच घरी येणार." भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणाले. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही; मामाचं घर पहिल्याच मजल्यावर. म्हणून मी तिला माझ्याकडे नेऊ शकले नाही. बाईसाहेब एव्हाना शिकायला बाहेरगावी वसतिगृहात गेल्या होत्या, आणि त्यांची पाठ वळताच मामीने ढब्बूला पिंजऱ्यासकट कुणाला तरी देऊन टाकलं होतं. मधली खोली रिकामीच होती.

हाड जुळलं. काठी घेऊन ती चालायला लागली आणि रोज मामाला विचारायला लागली, "मशीन कधी आणतोस? एका पायानेही चालतं ते." मामा रोज म्हणायचा, आणू. शेवटी एकदा म्हणाला, "अगं, ते विकलं. लाँड्रीवालीला जागा हवी होती." मी तिथून तडक लाँड्रीत गेले. लाँड्रीवालीचे डोळे भरून आले. "मला कसली जागा हवी?" ती म्हणाली. "तुझा मामाच माणसं घेऊन आला. म्हणाला, तिचं शिवणं आता संपलं. मी म्हटलं, म्हातारीला विचारलंत का? तर म्हणाला, तिला विचारायचं काय त्यात."

हे मी मावशीला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "चांगल्या माणसाने घेतलं का?" ते मला माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा मामाकडे पाहुणे बसले होते. मामा त्यांना सांगत होता, "आम्ही तिला कशालाही हात लावू देत नाही. आयुष्यभर राबली. आता सगळं घर तिला मोकळं आहे, वाटेल तिथे बसावं, वाटेल तिथे फिरावं." मावशी तेव्हा भिंतीच्या कडेकडेने मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, तिथे जरा उभी राहिली, आणि तशीच भिंत धरून परत आली. सोफ्याच्या कोपऱ्यात बसली. मामीने तिच्यापुढे चिरलेल्या सफरचंदाची बशी ठेवली आणि पाहुण्यांकडे बघून हसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "कशी आहेस?"

"मजेत," ती म्हणाली. तिचे हात मांडीवर पडले होते. "वेळच्या वेळी खायला घालतात."

मामाने ते ऐकलं आणि पाहुण्यांकडे वळून समाधानाने मान डोलावली. त्याला वाटलं, तिने त्याचं कौतुक केलं.